चौथा उद्गार

येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार ख्रिस्ती जगात सर्वत्र परिचित आहेत. पण ते सातही कुठल्याच एका शुभवर्तमानात सापडत नाहीत. तीन लूकने नोंदवले, तीन योहानाने. मार्क आणि मत्तय यांनी एकेकच उद्गार लिहून ठेवला आणि तो दोघांकडेही तोच आहे: देवाने आपल्याला का टाकून दिले, असा मरणाऱ्या येशूने देवालाच केलेला सवाल. परंपरेने पुढे सातांची क्रमवारी लावली, तेव्हा हा उद्गार चौथा, म्हणजे नेमका मध्यावर आला. त्याच्या आधी शत्रूंना क्षमा आहे, सोबतच्या गुन्हेगाराला दिलासा आहे, आईची सोय लावणे आहे. त्याच्या नंतर तहान आहे, कार्य पुरे झाल्याची घोषणा आहे आणि पित्याच्या हाती प्राण सोपवणे आहे. ज्याला हा धर्म देवाचा पुत्र मानतो, तोच देवाने आपल्याला सोडले असे म्हणत मरतो; याहून अवघड वचन ख्रिस्ती धर्मग्रंथात क्वचितच असेल. हा प्रश्न कुठून आला, कोणाकोणाच्या ओठी गेला, कोणी तो मवाळ करू पाहिला आणि कोणी पुन्हा धारदार केला, याचा माग आपण काढणार आहोत. वाट पंचवीस शतकांहून लांब आहे. तिच्या कडेने उत्तरे पुष्कळ भेटतील. पण त्या उत्तरांहून मोलाची एक गोष्ट मला दिसते. या वाटेवर हा प्रश्न विचारण्याचा अधिकार हळूहळू अधिकाधिक माणसांकडे येत गेला.

उगमापाशी जाण्यासाठी आपल्याला येशूच्या फार मागे जावे लागते. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात बाबिलोनमध्ये अक्कादी भाषेत एक दीर्घ काव्य रचले गेले. त्याचा नायक प्रतिष्ठित माणूस आहे, देवाधर्मात त्याने कसूर केलेली नाही. तरी मर्दुक देव त्याच्याकडे पाठ फिरवतो, राजाची मर्जी जाते, अंगाला रोग जडतो, मित्र परके होतात. अखेरीस देव प्रसन्न होतो आणि काव्य स्तुतीत संपते. निर्दोष माणसाच्या दुःखाचा हा फार जुना दस्तऐवज आहे. त्याच प्रदेशातल्या राजाने, नबुखद्नेस्सराने, इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. ज्या देवाने हे नगर आपले मानले होते तो कुठे गेला, हा प्रश्न तेव्हा एका माणसाचा राहिला नाही, संपूर्ण जमातीचा झाला. विलापगीते या आघातातून जन्मली. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत, आणि ती मंदिरात, सभास्थानात, सर्वांसमक्ष म्हटली जात. बाविसावे स्तोत्र टाकले गेल्याच्या आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळतच नाही; ते अंधारातच थांबते, आणि तरीही संकलकांनी ते वगळले नाही. याच परंपरेत ईयोबाचा ग्रंथ आहे. ईयोबाचे मित्र त्याला पुन्हा पुन्हा पटवू पाहतात की दुःख हे पापाचेच फळ असणार. ग्रंथाच्या शेवटी देव या सज्जन सल्लागारांवर रागावतो आणि भांडणारा ईयोब खरे बोलला असा निवाडा देतो. देवाची बाजू मांडणाऱ्यांपेक्षा देवाला जाब विचारणारा देवाला अधिक जवळचा ठरला, ही पुढच्या सगळ्या इतिहासाची पायाभरणी होती.

येशूला रोमन अंमलदार पिलात याच्या हुकमाने वधस्तंभावर दिले गेले ते इ.स. ३०च्या आसपास. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. तीत मरणाइतकीच विटंबनाही योजलेली असे. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुने मानले जाते, आणि ते इ.स. ७०च्या सुमाराचे, म्हणजे यरुशलेमचे मंदिर दुसऱ्यांदा, या वेळी रोमनांकडून, जमीनदोस्त झाले त्या काळाचे आहे. मार्क ग्रीकमध्ये लिहितो. पण हा आक्रोश तो येशूच्या मायबोलीत, अरामी भाषेत, जसाच्या तसा ठेवतो आणि मग अर्थ सांगतो. शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाचे आहेत. इथूनच वाद सुरू होतो. येशू ते संपूर्ण स्तोत्र मनात म्हणत होता आणि त्याचा रोख शेवटच्या स्तुतीकडे होता, असे काही म्हणतात. काहींच्या मते ज्याला दुसरे शब्द उरले नव्हते त्याने लहानपणापासून पाठ असलेले शब्द उच्चारले, आणि त्यांचा अर्थ तोच होता जो कानांना ऐकू आला. मवाळ करण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. लूकने या जागी दुसऱ्या एका, विश्वास व्यक्त करणाऱ्या स्तोत्राचे शब्द घेतले. दुसऱ्या शतकात पेत्राच्या नावाने एक शुभवर्तमान फिरत होते. त्यात येशू देवाविषयी बोलतच नाही, आपली शक्ती आपल्याला सोडून गेली एवढेच म्हणतो. अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने इ.स. २००च्या सुमारास हा ग्रंथ वाचण्यास हरकत घेतली आणि तो विस्मृतीत गेला. १८८६–८७च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अखमीम येथे एका ख्रिस्ती माणसाच्या थडग्यात त्याचे अवशेष मिळाले, तेव्हा कुठे जगाला कळले की हा आक्रोश किती लवकर काहींना सोसवेनासा झाला होता.

सोसवेनासा होण्यामागे तत्त्वज्ञानही होते. ग्रीक विचारात परिपूर्ण असते ते बदलत नाही, आणि ज्याच्यात बदल नाही त्याला वेदना होऊ शकत नाही. मग देव दुःख भोगतो असे म्हणावे कसे? पित्यानेच वधस्तंभावर यातना सोसल्या असे मानणारा एक पंथ होता. कार्थेजच्या तेर्तुलियनने इ.स. २१३च्या सुमारास त्याच्यावर कडाडून टीका केली. चौथ्या शतकात पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे हे चर्चने ठरवले, तेव्हा अडचण आणखी वाढली. इ.स. ३८०मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे दिलेल्या प्रवचनांत नाझियान्झसच्या ग्रेगरीने तोडगा मांडला: पुत्राला पित्याने सोडले नव्हते, सोडली गेलेली माणसे आपण होतो आणि तो आपल्या वतीने आपली गत बोलून दाखवत होता. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यानेही स्तोत्रांवरच्या दीर्घ विवेचनात हीच दिशा घेतली. त्याच्या मते ख्रिस्त मस्तक आहे आणि श्रद्धावंतांचा समुदाय त्याचे शरीर. म्हणून स्तोत्रांतला आवाज कधी मस्तकाचा असतो, कधी शरीराचा. या विचारातून येशूच्या खऱ्या वेदनेला थोडी बगल दिली गेली, असा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त आहे. पण एक दरवाजाही उघडला. येशूचा आक्रोश जर सर्व शरीराचा असेल, तर त्या शरीरातला कोणीही माणूस तो आपला म्हणून उच्चारू शकतो. ऑगस्टिन स्वतः ४३०च्या ऑगस्टमध्ये मरण पावला तेव्हा व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला होता. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावून घेतली होती आणि अंथरुणावरून ती वाचत तो रडत असे, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे.

मोठ्या शहरांतल्या या वादांच्या वेळीच इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधू वेगळ्या मार्गाने याच प्रश्नाशी येऊन भिडत होते. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ.स. ३६०च्या सुमारास अंतोनी या साधूचे चरित्र लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. सैतानी शक्तींनी रात्रभर छळून अर्धमेला केलेल्या अंतोनीला पहाटे प्रकाश दिसतो, आणि तो आभार मानण्याऐवजी विचारतो की इतका वेळ तू कुठे होतास. मी इथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो, असे काहीसे उत्तर त्याला मिळते. हा साधूचा प्रश्न आपण ध्यानात ठेवू, कारण अकराशे वर्षांनी तो एका इस्पितळात पुन्हा भेटणार आहे. पाचव्या शतकात ग्रीसमधील फोटिके गावचा बिशप डायडोकस याने आपल्या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. देव दोन प्रकारे दूर होतो, असे त्याने लिहिले: एक माणसाने पाठ फिरवल्यावर, आणि दुसरा शिकवण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात देव आतच असतो, फक्त जाणवत नाही. मोठ्या इतिहासांत डायडोकसचे नाव क्वचित येते. पण देव नसणे आणि देव न जाणवणे यांत त्याने जी रेघ ओढली, ती पुढच्या सगळ्या गूढवाद्यांनी गिरवली.

मध्ययुगात हा विचार ग्रंथांतून लाकडात आणि रंगांत उतरला. आरंभीच्या शतकांतला वधस्तंभावरचा ख्रिस्त बहुधा डोळे उघडे असलेला, मृत्यूवर विजय मिळवलेला राजा असे. जर्मनीतील कलोनच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला एक मोठा लाकडी क्रूस आहे. आर्चबिशप गेरो याच्या नावाने तो ओळखला जातो. त्यावरच्या ख्रिस्ताची मान खाली पडली आहे, पोट सुटले आहे, चेहऱ्यावर मरणाची कळा आहे. १२२४मध्ये असिसीच्या फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्याचे सांगितले गेले, आणि त्याच्या अनुयायांनी दुःखी ख्रिस्ताची भक्ती घराघरांत नेली. विद्यापीठांत मात्र अजून तोल सांभाळला जात होता. थॉमस अक्वायनसच्या मते येशूच्या वेदना खऱ्या आणि अतोनात होत्या. तरी त्याच्या आत्म्याच्या सर्वोच्च भागाला देवदर्शनाचा आनंद अखंड लाभत होता. चौदाव्या शतकात काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या साथीने, युरोपची वस्ती ओस पाडली, आणि अशा सुबक मांडणीचा सामान्य माणसाला उपयोग उरला नाही. त्याला काय हवे होते ते अल्सासमधील इझेनहाइमच्या मठात दिसते. अंतोनी साधूचे नाव घेतलेल्या संन्याशांचे तिथे इस्पितळ होते. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या, हातपाय जाळत नेणाऱ्या रोगाने पछाडलेली माणसे तिथे येत. त्यांच्यासाठी मथियास ग्रूनेवाल्ट याने १५१२ ते १५१६च्या दरम्यान वेदीमागचे भव्य चित्र रंगवले. त्यातल्या ख्रिस्ताची त्वचा हिरवट पडली आहे, अंगभर व्रण आहेत, बोटे वेदनेने ताठ वाकडी झाली आहेत. रोग्याने वर पाहिले की त्याला आपलेच शरीर दिसे. याच चित्रसमूहाच्या दुसऱ्या फळीवर अंतोनीचा छळ रंगवलेला आहे आणि कोपऱ्यात कागदाचा एक तुकडा. त्यावर अंतोनीचा जुना प्रश्न लिहिलेला आहे. संताच्या चरित्रातला सवाल आता सडणाऱ्या अवयवांच्या गरीब माणसांचा झाला होता, आणि तोही वेदीपाशी.

ग्रूनेवाल्टचा रंग वाळतो न वाळतो तोच, १५१७मध्ये, विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेला तोंड फोडले. ल्यूथरला तरुणपणापासून भयाचे आणि टाकले गेल्याच्या भावनेचे तीव्र झटके येत. १५१८मध्ये हायडेलबर्ग येथे त्याने मांडले की देवाला वैभवात शोधणारा चुकतो. देव लपलेला आहे तो दुःखात आणि वधस्तंभात. पुढे बाविसाव्या स्तोत्रावर व्याख्याने देताना त्याने जुनी पळवाट बंद केली. ख्रिस्त खरोखर टाकला गेला होता आणि त्याला ते खरोखर जाणवत होते, असे त्याने ठामपणे सांगितले. जिनीव्हाच्या कॅल्व्हिनने आणखी पुढचे पाऊल टाकले. ख्रिस्त नरकात उतरला या मतांगीकारातील वाक्याचा अर्थ त्याने वधस्तंभावरच्या त्या एकाकीपणाशी जोडला: देवापासून तुटणे हाच नरक आणि तो ख्रिस्ताने जिवंतपणी भोगला. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत हीच शिकवण मुलांच्या पाठांतरात गेली. आपल्या सर्वांत मोठ्या संकटातही ख्रिस्त आपल्याआधी तिथे जाऊन आला आहे, ही खात्री शेतकऱ्याच्या पोरालाही मिळावी असा त्यामागचा हेतू होता.

त्याच शतकात, कॅथलिक स्पेनमध्ये, हा अनुभव एका कोठडीत परीक्षेला बसला. कार्मेल संघाच्या सुधारणेसाठी तेरेसा ऑफ आविला हिच्याबरोबर झटणारा क्रूसभक्त योहान, म्हणजे ह्वान दे ला क्रूस, याला सुधारणेच्या विरोधकांनी, त्याच्याच संघबंधूंनी, २ डिसेंबर १५७७च्या रात्री आविलाहून पळवून नेले. टोलेडोच्या मठात एका अरुंद, जवळजवळ अंधाऱ्या खोलीत त्याला सुमारे नऊ महिने ठेवले गेले. अन्न तुटपुंजे, फटके ठरलेले. तिथे त्याने कविता रचल्या आणि १५७८च्या ऑगस्टमध्ये पांघरुणांच्या पट्ट्या बांधून खिडकीतून तो निसटला. पुढे त्याने काळोख्या रात्रीवर जे विवेचन लिहिले, त्यात ईयोब, विलापगीते आणि स्तोत्रे पानोपानी येतात. प्रार्थनेतला गोडवा आटतो, देव शत्रूसारखा वाटतो, आणि आत्म्याला आपण कायमचे टाकले गेलो असे वाटते. ही अवस्था मागे जाण्याची नसून जवळ जाण्याची असू शकते, असे त्याचे म्हणणे. तो भाबडा नव्हता. ही रात्र आणि नुसती उदासीनता किंवा आळस यांतला फरक ओळखण्याच्या खुणाही त्याने दिल्या. डायडोकसने ओढलेली रेघ अकरा शतकांनी इथे पूर्ण नकाशा बनली.

यानंतर हा प्रश्न समुद्र ओलांडतो. १५७९मध्ये गोव्याला उतरलेला इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६मध्ये रायतूर येथे छापले गेले. दुसऱ्या भागात येशूच्या दुःखसहनाची कथा सविस्तर आहे, आणि उपवासकाळात गोव्याचे ख्रिस्ती लोक ती पिढ्यान्‌पिढ्या गात आले. दूर पेरूमध्ये, १६८७च्या भूकंपाने हादरलेल्या लिमा शहरात, आलोन्सो मेसिया या येशूसंघीय धर्मगुरूने उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन असे तीन तास सात उद्गारांवर मनन करण्याची प्रथा घातली. ती स्पेनला, रोमला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चला पोचली. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत आज उत्तम शुक्रवारी सात वक्ते ज्या सात उद्गारांवर बोलतात, त्या उपासनेचे मूळ या भूकंपग्रस्त शहरात आहे. संगीतातही चौथ्या उद्गाराने आपली जागा करून घेतली. १७२७मध्ये लाइपझिग येथे सादर झालेल्या योहान सेबास्टियन बाख याच्या मत्तयानुसारच्या दुःखसहनकथेत येशूचे प्रत्येक वाक्य तंतुवाद्यांच्या प्रभावळीत गुंडाळलेले आहे. या आक्रोशापाशी मात्र ती वाद्ये थांबतात आणि आवाज उघडा पडतो. धर्मपंडितांनी हजार वर्षे ज्यावर वाद घातला, त्यावर बाखने दोन-तीन क्षणांत निकाल दिला असे मला वाटते.

याच अठराव्या शतकात प्रश्नाला नवा श्रोता मिळाला. १७१०मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सने हे जग शक्य असलेल्या जगांतले सर्वोत्तम आहे असे तर्काने सिद्ध करू पाहिले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला. मग लाटा आल्या, मग आग लागली. फ्रेंच लेखक व्होल्तेरने लगोलग त्यावर काव्य लिहिले आणि लाइबनित्सच्या समाधानाला आव्हान दिले. आतापर्यंत देवाला विचारलेला प्रश्न आता देवाविषयी विचारला जाऊ लागला. प्रार्थनेचा खटला झाला. एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही प्रवाह एकाच माणसात भेटतात. १८६७मध्ये बाझलच्या संग्रहालयात रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की हान्स होल्बाइनने १५२१–२२मध्ये रंगवलेल्या मृत ख्रिस्ताच्या चित्रासमोर असा खिळून उभा राहिला, की त्याला अपस्माराचा झटका येईल या भीतीने पत्नीने त्याला दूर नेले. तेरा वर्षांनी पूर्ण झालेल्या करामाझॉव्ह बंधूंच्या कादंबरीत त्याने ईव्हान या पात्राच्या तोंडी निष्पाप मुलांच्या यातनांचा असा आरोप घातला, की श्रद्धावान लेखकानेच श्रद्धेविरुद्धचा सर्वांत बिनतोड दावा लिहिला. फ्रान्समधील लिझ्यू येथे तेरेझ ही तरुण कार्मेल संन्यासिनी १८९६च्या ईस्टरपासून श्रद्धेच्या अंधारात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी क्षयाने मरण पावली. स्वर्ग आहे यावरच मन विश्वास ठेवीना, अशा अवस्थेत आपण अश्रद्धांच्या पंगतीला बसलो आहोत असे तिने मानले. मठातल्या बहिणींनी तिचे लेखन पुष्कळ बदल करून छापले. मूळ हस्तलिखित जसेच्या तसे यायला १९५६ उजाडले. मवाळ करण्याचा जुना मोह पुन्हा एकदा झाला आणि पुन्हा एकदा मूळ स्वर वर आला. इकडे, १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, पुढच्या दुष्काळांतल्या निराधार मुलींना सांभाळता सांभाळता, मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि भाषांतर १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. ईयोबाची आणि स्तोत्रांची गाऱ्हाणी मराठीत आणणाऱ्या बाईंनी ती आधी जगून घेतली होती.

विसाव्या शतकातल्या दोन महायुद्धांनी देवाला वेदना होत नाहीत हा जुना सिद्धांतच हलवला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून सैनिकांना सिगारेटी आणि धीर वाटत फिरलेला इंग्रज पाद्री स्टडर्ट केनेडी याने १९१८मध्ये लिहिले की निर्विकार देवाची कल्पना त्या चिखलात टिकत नाही. नाझी तुरुंगात असलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर १९४४च्या जुलैत मित्राला लिहिलेल्या पत्रात याच निष्कर्षाला आला, की दुःख सोसणारा देवच माणसाला मदत करू शकतो. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले गेले. पराभूत जपानमध्ये १९४६ साली धर्मपंडित काझो किटामोरी याने देवाच्या वेदनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे सर्व धागे जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान याच्या हातात एकत्र आले. १९४३च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शाळेतून विमानवेधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, तो वाचला, आणि धार्मिक संस्कार नसलेल्या त्या मुलाने त्या रात्री पहिल्यांदा देवाला हाक मारली ती तू कुठे आहेस हे विचारण्यासाठी. पुढे युद्धकैदी असताना एका अमेरिकन लष्करी पाद्र्याने त्याला बायबल दिले. स्कॉटलंडच्या छावणीत त्याने विलापाची स्तोत्रे आणि मार्कमधला चौथा उद्गार वाचला, आणि आपल्याला समजणारा कोणीतरी भेटला असे त्याला वाटले. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘क्रूसावर दिलेला देव’ या ग्रंथात त्याने म्हटले की त्या आक्रोशात पुत्र टाकले जाणे भोगतो आणि पिता पुत्राचा वियोग भोगतो. म्हणून टाकलेल्यांपैकी कोणीच देवाच्या बाहेर उरत नाही. कॅथलिक धर्मपंडित कार्ल राहनर याला हे पटले नाही. देवही आपल्यासारखाच त्या गर्तेत अडकला असेल तर आपल्याला बाहेर कोण काढणार, असा त्याचा आक्षेप होता आणि त्याचे वजन आजही कमी झालेले नाही. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वादोरच्या सैनिकांनी सान साल्वादोर येथील विद्यापीठात सहा येशूसंघीयांना, त्यांच्या स्वयंपाकिणीला आणि तिच्या मुलीला ठार केले. मारलेल्यांपैकी एकाला ओढत नेलेल्या खोलीत मोल्टमानचे ते पुस्तक फळीवरून खाली पडून रक्तात भिजलेले सापडले. मोल्टमान २०२४च्या जूनमध्ये वारला.

या वाटेवरचा अगदी अलीकडचा मोठा टप्पा भारतात आहे आणि तो पुण्याला स्पर्श करून जातो. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना मदर तेरेसांना गरिबांतल्या गरिबांसाठी काम करण्याची हाक ऐकू आली. काम सुरू झाले आणि आतला आवाज थांबला. १९५८मधला थोडासा काळ वगळता, तो अंधार त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९७पर्यंत, जवळजवळ अर्धशतक टिकला. त्या हसतमुख राहिल्या, पहाटे प्रार्थनेला बसत राहिल्या, आणि आपल्या आत्मिक मार्गदर्शकांना पत्रांतून देव आपल्याला नको म्हणतो आहे असे लिहीत राहिल्या. १९६१मध्ये जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियन येशूसंघीय कलकत्त्यात साधनाशिबिर घेण्यासाठी गेले होते. १९३८मध्ये भारतात आलेल्या नॉयनर यांचे आयुष्य पुण्याच्या धर्मशास्त्रीय विद्यापीठात शिकवण्यात गेले. २००९मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, ते पुण्यातच वारले. मदर तेरेसांनी त्यांना आपला अंधार सांगितला. नॉयनर यांनी औषध दिले नाही. यावर मानवी उपाय नाही, हा तुमचा दोष नाही, येशूच्या एकाकीपणात हा तुमचा वाटा आहे आणि देवाची इतकी तहान असणे हीच तो आत असल्याची खूण आहे, या अर्थाचे ते बोलले. त्यानंतर अंधार गेला नाही, पण मदर तेरेसांनी त्याच्याशी भांडणे सोडले आणि तो आपला मानला. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती; २००७मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा काहींना धक्का बसला, काहींनी त्यांच्या श्रद्धेवर शंका घेतली. हा मागोवा ज्याने घेतला आहे त्याला मात्र त्या पत्रांत डायडोकस, क्रूसभक्त योहान आणि लिझ्यूची तेरेझ ओळखू येतील.

आज आपण जिथे उभे आहोत तिथून मागे पाहिले तर काय दिसते? ‘का’ या प्रश्नाला कोणीही अखेरचे उत्तर दिलेले नाही. दुःख शिक्षा आहे, शिक्षण आहे, शुद्धी आहे, देवाचेच दुःख आहे. प्रत्येक उत्तर काही काळ टिकले आणि पुढच्या भूकंपात, साथीत किंवा युद्धात अपुरे पडले. ही अपुरी उत्तरे घाईने सांगण्याची चूक ईयोबाच्या मित्रांपासून आजवर चालू आहे. शोकघरात जाऊन हे देवाच्या योजनेत होते असे सांगणाऱ्यांत आपलीही माणसे असतात, आणि त्या वाक्याने कोणाची जखम भरल्याचे मला माहीत नाही. १९८६मध्ये अमेरिकन बायबलपंडित वॉल्टर ब्रुगमान याने बजावले होते की चर्चच्या उपासनेतून विलाप गेला तर श्रद्धेचा खरेपणाच जातो. कारण ज्याला फक्त स्तुतीचीच मुभा आहे त्याला नात्यात काही बोलायची जागा उरत नाही. मला हे पूर्णपणे पटते. उत्तरे बदलत गेली, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र एकदा मिळाल्यावर कोणाकडून परत घेतला गेला नाही. तो बंदिवासात गेलेल्या जमातीला मिळाला, वाळवंटातल्या साधूला, इझेनहाइमच्या रोग्याला, प्रश्नोत्तरी घोकणाऱ्या मुलाला, कोठडीतल्या कवीला, तोफेजवळच्या शाळकरी पोराला आणि कलकत्त्याच्या संन्यासिनीला. आणि हा सवाल जोवर देवालाच उद्देशून आहे तोवर ती प्रार्थनाच आहे. टाकलेला माणूसही ज्याने टाकले असे त्याला वाटते त्याच्याशी बोलतो आहे. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसलेल्या पाळकाने, धर्मगुरूने किंवा शेजाऱ्याने देवाचा बचाव करण्याची गरज नाही. रडणाऱ्याला देवाशी भांडू द्यावे, आणि ते भांडण संपेपर्यंत उठून जाऊ नये. पंचवीस शतकांच्या या वाटेने आपल्या हाती दिलेले एवढे कर्तव्य स्पष्ट आहे, आणि ते पार पाडायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही.